बँक दोन प्रकारे बुडते

स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात. एक मॅनेजरकडं असते, एक कॅशियरकडं. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. एकट्या माणसाच्या मनात पाप आलं तरी रोकड जागेवर राहावी म्हणून केलेली ही सोय जुनी आहे, साधी आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीतल्या आमच्या शाखेची दुसरी किल्ली नदीपलीकडच्या सांगलीवाडीत होती आणि सांगलीवाडीला पाण्याचा वेढा पडला होता.

कॅशियर फोनवर सांगत होते, ‘साहेब, निघतो म्हटलं तरी कसा निघू, होडी मिळंना.’ मी शाखेच्या पायरीवर उभा. पाणी खालच्या पायरीला लागलेलं. डुप्लिकेट किल्ल्यांचा संच नियमाप्रमाणं आमच्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत ठेवलेला होता, पण ती शाखा नदीच्या आणखी जवळ. तिथं आदल्या रात्रीच पाणी शिरलं होतं. संध्याकाळपर्यंत हाताला लागलं ते, म्हणजे काउंटरवरचे दोन संगणक, चेकबुकांचे गठ्ठे, शिक्क्यांची पेटी, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात नेऊन ठेवलं आणि शटर ओढून निघालो. आत रोकड होती, सोनेतारणाची पाकिटं होती, लोकांचे लॉकर होते.

पाणी उतरल्यावर दोन्ही किल्ल्या एकत्र आल्या. दार उघडलं तेव्हा वरच्या कप्प्यातली रोकड कोरडी होती. खालच्या कप्प्यातल्या गड्ड्यांची वीट झाली होती. एकमेकींना सुटणार नाहीत इतक्या चिकटलेल्या नोटा शाखेत बदलून मिळत नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसला न्याव्या लागतात, हा नियम मी वीस वर्षं काउंटरच्या आत बसून ग्राहकांना ऐकवत आलो होतो. त्या दिवशी तो स्वतःच्याच तिजोरीपुढं, गुडघाभर गाळात उभं राहून आठवला.

आमच्याकडं आपत्कालीन योजनेची फाईल नव्हती असं समजू नका. होती. ऑडिटला दरवर्षी दाखवायचो. आग लागल्यास काय करावं, दरोडा पडल्यास काय करावं, दंगल झाल्यास कुणाला फोन करावा, सगळं होतं. ‘पूर’ हा शब्द त्यात एकदाच होता, ‘इत्यादी’च्या अगोदर. फाईल कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होती. नोटांबरोबर तीही वाळत घातली.

आता निवृत्त झाल्यावर हे लिहितोय ते कुणाचं उट्टं काढायला नाही. आमच्या बँकेनं त्या महिन्यात माणसं झोकून काम केलं, ग्राहकांच्या शिव्या खाल्ल्या आणि शाखा दहा-बारा दिवसांत उभीही केली. माझं म्हणणं एवढंच आहे की बँकांच्या आपत्तीच्या तयारीतला पैसा, अक्कल आणि नियम हे सगळं सर्व्हरपाशी जाऊन थांबलं आहे. ते शाखेच्या पायरीपर्यंत आलेलं नाही. आणि सांगलीसारख्या गावात बँक बंद पडते ती पायरीवर.

‘बँक बुडाली’ या शब्दाचा एक अर्थ आपल्या जिल्ह्याला समजावून सांगायला नको. रिझर्व्ह बँकेचा कागद येतो, शटरवर नोटीस लागते, बाहेर म्हाताऱ्या ठेवीदारांची रांग लागते. या बुडण्यावर उशिरा का होईना काही इलाज झाला. ठेवींचं विमासंरक्षण फेब्रुवारी २०२० पासून एक लाखाचं पाच लाख झालं. २०२१ मध्ये कायदा बदलून, बँकेवर निर्बंध आले तर ती विम्याची रक्कम नव्वद दिवसांत हातात पडेल अशी तरतूद झाली. पण बँक दुसऱ्या प्रकारेही बुडते. ताळेबंद ठणठणीत आहे, नफा आहे, लाभांश वाटला आहे, आणि दाराशी पाणी आहे. तुमचे पैसे आहेत पण तुम्हाला मिळत नाहीत. या बुडण्याला विमा नाही. चार दिवस, आठ दिवस तुम्ही खिशातल्या दोनशे रुपयांवर काढायचे. घरात धान्य भिजलंय, म्हातारीची रक्तदाबाची गोळी संपलीय, टेम्पोवाला सामान हलवायला रोख मागतोय.

वरच्या पातळीवर काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. खतावण्यांच्या काळात पूर आला असता तर लोकांची खातीच वाहून गेली असती. कोअर बँकिंग आल्यापासून खात्यातला आकडा शाखेत नसतो, दूरच्या डेटा सेंटरमध्ये असतो, आणि त्याची दुसरी प्रत आणखी दूर असते. २०१९ मध्ये सांगलीत पुरामुळं कुणाची शिल्लक पुसली गेली असं मी तरी ऐकलं नाही. रिझर्व्ह बँक या बाबतीत कडकही झाली आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मुख्य डेटा सेंटरची वीज गेल्यामुळं एचडीएफसी बँकेचे ऑनलाइन व्यवहार कोलमडले, तेव्हा पुढच्याच महिन्यात नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवण्याचा आदेश निघाला. देशातल्या एवढ्या मोठ्या खासगी बँकेला! एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांत तर स्पष्ट लिहिलंय की महत्त्वाच्या यंत्रणांची डीआर ड्रिल, म्हणजे मुख्य यंत्रणा बंद पडली असं धरून पर्यायी यंत्रणेवर काम नेण्याची रंगीत तालीम, दर सहा महिन्यांनी घ्या, आणि ती नावापुरती नको. कामाचा एक पूर्ण दिवस, सकाळच्या सुरुवातीपासून दिवसअखेरीपर्यंत, सगळा कारभार पर्यायी ठिकाणावरून चालवून दाखवा.

ही अट मला फार आवडते. ज्यानं लिहिली त्याला ड्रिल कशी उरकतात ते माहीत असणार. रविवारी सकाळी सात वाजता, एकही ग्राहक नसताना, तासाभरात सर्व्हर इकडून तिकडं नेऊन परत आणायचा आणि अहवालात ‘यशस्वी’ लिहायचं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पण मग हीच अट शाखेला का नाही? वर्षातून एक दिवस, मे महिन्यात म्हणा, नदीकाठच्या शाखेनं आपलं शटर बंद ठेवून पूर्ण दिवस नदीपासून लांबच्या विश्रामबागेतून कारभार करून दाखवावा. रोकड कशी नेली, किल्ल्या कुणी नेल्या, पेन्शनर मंडळींना कसं कळवलं, सोनेतारण सोडवायला आलेल्या माणसाचं काय केलं. पहिल्या वर्षी फजिती होईल. होऊ दे, मे महिन्यातली फजिती ऑगस्टपेक्षा स्वस्त पडते.

सांगलीच्या बाबतीत एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. इथं पूर चोरपावलांनी येत नाही. भूकंप सांगून येत नाही, आग सांगून लागत नाही, पण कृष्णा फुटाफुटानं सांगत येते. कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचलले, विसर्ग किती, चांदोलीतून किती, अलमट्टीतून पुढं किती सोडतायत, हे आकडे पावसाळ्यात चहाच्या गाड्यावर पाठ असतात. आयर्विन पुलाजवळची पातळी दर दोन-तीन तासांनी व्हॉट्सअॅपवर फिरत असते. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली आणि २००५ ची खूण पाण्याखाली गेली. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा ५५ च्या आसपास. सूर्यवंशी प्लॉटातली बाई पुलाचा आकडा ऐकून गॅसची शेगडी कधी वर चढवायची ते ठरवते. तिला कुणी आपत्ती व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र दिलेलं नाही.

आमच्या शाखेतले शिपाई मामाही तसेच. त्यांचं सगळं आयुष्य नदीकाठी गेलं. ते मला म्हणायचे, ‘साहेब, एवढ्या फुटाला मागच्या बोळात येतंय, आणि दोन फूट वाढलं की पायरी, त्याच्या वर एक झालं की जनरेटर.’ जनरेटर तळघराच्या तोंडाशी होता. यूपीएसच्या बॅटऱ्या जमिनीला टेकलेल्या. हे मामांना तोंडपाठ होतं आणि फाईलमध्ये नव्हतं, कारण फाईल मुंबईच्या एका सल्लागारानं सगळ्या शाखांसाठी एकाच साच्यातून काढली होती. विट्याच्या शाखेलाही तीच, सांगलीच्या नदीकाठच्या शाखेलाही तीच. विट्याला पूर म्हणजे काय ते पेपरात वाचून कळतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही हवी की प्रत्येक शाखेची योजना पुलाच्या फुटांना बांधलेली असावी. अमुक फुटाला जास्तीची रोकड करन्सी चेस्टकडं, म्हणजे बँकांना रोकड पुरवणाऱ्या मोठ्या कोठाराकडं, परत. त्याच्या पुढच्या आकड्याला खालच्या कप्प्यातलं सोनं आणि तारणाची कागदपत्रं हलवायची. त्याच्याही पुढं किल्ल्या. दोन किल्ल्यांचे धनी नदीच्या दोन बाजूंना राहत असतील तर पावसाळ्यापुरता एकाचा ताबा दुसऱ्या अधिकाऱ्याकडं द्यायचा आणि डुप्लिकेट संच मिरजेत किंवा तासगावात ठेवायचा, शेजारच्या गल्लीत नाही. याला एक रुपया खर्च नाही. नुसता एक कागद आणि एक सही. पण आकडा अगोदर ठरलेला नसेल तर त्या दिवशी कोण ठरवणार? मॅनेजर विभागीय कार्यालयाला विचारतो, ते मुख्य कार्यालयाला विचारतात, तिथला साहेब म्हणतो, अजून दोन तास वाट बघू. शाखा बंद केली आणि पाणी आलंच नाही तर जाब द्यावा लागतो. चालू ठेवली आणि पाणी आलं तर ती दैवी आपत्ती. या दोन पारड्यांत मॅनेजर कुठं झुकणार ते सांगायला नको. मीही तिकडंच झुकलो होतो.

दैवी आपत्ती या शब्दावर जरा थांबतो, कारण लॉकरचा सगळा प्रश्न त्याच्यावरच अडतो. पाणी उतरल्यावर आमच्याकडं लॉकरधारकांची रांग लागली ती अजून डोळ्यांपुढं आहे. कुलपात गाळ बसलेला, किल्ली अर्धी फिरून अडकायची. लॉकर कंपनीचा माणूस येईपर्यंत दोन दिवस गेले. सोन्याला काही होत नाही, धुतलं की झालं. पण गावभागातल्या एका आजोबांच्या लॉकरमध्ये सोनं नव्हतंच. वडिलांच्या वेळचं खरेदीखत, वाटणीपत्र आणि बायकोची चार पत्रं. ते सगळं मिळून एक तपकिरी लगदा झाला होता. त्यांनी तो ताटात काढून घेतला, भाकरीसारखा, दोन्ही हातांनी. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरचे नियम नव्यानं केले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्यानंच केलेली लबाडी, यात नुकसान झालं तर वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत बँक जबाबदार. भूकंप, पूर, वीज पडणं यांना मात्र बँक जबाबदार नाही. ही सूट वाचून बँकवाले सुटकेचा श्वास सोडतात आणि पुढचं वाक्य वाचायचं राहून जातं. पुढं म्हटलंय की अशा आपत्तींपासून आपली जागा जपण्यासाठी बँकेनं योग्य ती काळजी घ्यायची आहे. आता मला सांगा, २००५ ला पाणी आलेल्या जागेत, २०१९ ला त्याहून जास्त आलेल्या जागेत, २०२१ ला परत आलेल्या जागेत तळमजल्यावर लॉकर ठेवणं ही काळजी आहे का? सोळा वर्षांत तीनदा, पूर्वसूचना देऊन, फुटांच्या हिशोबानं आलेलं पाणी दैवी कसं? देवाला यात कशाला ओढायचं? निदान एवढं तरी करता येईल की नदीकाठच्या शाखेनं लॉकरच्या करारावरच ठळक लिहावं, या खोलीत अमुक साली अमुक उंचीपर्यंत पाणी आलं होतं. भिंतीवर तांबडी रेघ मारावी. मग ज्याला खालच्या ओळीतला लॉकर घ्यायचा तो घेईल. खालच्या ओळीचं भाडं किती राहील ते बाजार ठरवेल.

रोकडीचा विषय काढला की तरुण पोरं हसतात. काका, आता सगळं फोनवर आहे. आहे ना. पण पूर आला की धोका नको म्हणून आधी वीज बंद करतात, ते बरोबरच आहे. मग मोबाईलचे टॉवर बॅटरीवर, मग तेही गप्प. शेवटी तुमचा फोन. एटीएमलाही वीज, लाइन आणि रोकड असं तिन्ही लागतं, आणि २०१९ च्या त्या आठवड्यात पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली होता, रोकड आणणार कुठून? इंटरनेट नसताना जवळ धरलेल्या दोन फोनांमध्ये पैसे देता येतात अशी यूपीआय लाइट एक्स नावाची सोय २०२३ मध्ये आली आहे. साध्या फोनवरून चालणारं १२३पे त्याच्या आधीच आलंय. गणपती पेठेत कुणी ते वापरताना मी अजून पाहिलेलं नाही, आणि पुराच्या दिवशी ते पहिल्यांदा शिकून घेता येणार नाही. खुद्द रिझर्व्ह बँकेनं २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात, युद्ध किंवा नैसर्गिक आपत्तीत नेहमीच्या यंत्रणा बंद पडल्या तर मोजक्या माणसांनी कुठूनही चालवता येईल अशा हलक्याफुलक्या पेमेंट यंत्रणेची कल्पना मांडली आणि तिला बंकरची उपमा दिली. म्हणजे वरच्यांनाही ठाऊक आहे की फोनवरचा पैसा हा विजेवरचा पैसा आहे.

सरकारलाही हे २०१९ मध्ये कळलं. पूरग्रस्त कुटुंबाला शहरात १५ हजार आणि ग्रामीण भागात १० हजारांची मदत जाहीर झाली, तेव्हा त्यातले ५ हजार रोख हातावर ठेवायचे आणि उरलेले खात्यात टाकायचे असं ठरलं. सगळी रक्कम खात्यात टाकली असती तर लोकांनी ती काढायची कुठून?

चिपळूणचा जुलै २०२१ मधला प्रसंग अनेकांना आठवत असेल. एसटी डेपोत पाणी शिरलं तेव्हा दिवसाच्या उत्पन्नाचे नऊ लाख रुपये घेऊन डेपो मॅनेजर बसच्या टपावर तासन् तास बसून राहिले. आपण त्यांचं कौतुक केलं, करायलाच हवं. पण ज्या व्यवस्थेत रोकड वाचवायला माणसाला टपावर बसावं लागतं तिचं कौतुक करायचं कारण नाही.

निवारा केंद्रात, म्हणजे शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून बसलेल्या माणसाला, दिवसाला पाचशे-हजार रुपये कसे मिळतील हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याकडं चालत-फिरत आहे. पिग्मी एजंट. घराघरांत ओळख, हातात मशीन, कमरेला पैशाची पिशवी, आणि कोण कुठल्या निवारा केंद्रात गेलंय ते तहसीलदाराच्या आधी त्याला माहीत. एरवी तो रोज पैसे गोळा करतो. पुराच्या आठवड्यात त्यानं उलट फिरावं, ठरलेल्या मर्यादेत द्यावेत, वहीत सही घ्यावी, नेटवर्क आलं की नोंद करावी. बँकेच्या वतीनं गावोगाव व्यवहार करणाऱ्या बँक मित्रांनाही हेच लागू. रिझर्व्ह बँकेच्या नैसर्गिक आपत्तीच्या सूचनांत तात्पुरत्या जागेतून शाखा चालवायला, फिरतं बँकिंग करायला, मुदतठेव मोडली तर दंड माफ करायला वाव आहे. कागदपत्रं वाहून गेलेल्या माणसाचं खातं नुसत्या फोटोवर आणि अधिकाऱ्यासमोर केलेल्या सहीवर उघडता येतं, शिल्लक ५० हजारांच्या आत ठेवून. २०१९ मध्ये मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीच पुढं कधीतरी वाचलं. आमच्या काउंटरवरून आधार कार्ड नाही म्हणून परत पाठवलेली एक बाई मला आठवते. तिचं आधार कुठल्या गाळात होतं कोण जाणे.

आता इंटरनेटच्या लाइनीचं. आम्ही शहाणपण करून दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या होत्या. एक गेली तर दुसरी. पुरात दोन्ही एकाच तासात गेल्या. नंतर रस्ता खणताना कळलं, दोन्हींच्या केबल एकाच चरातून गेलेल्या. आम्हाला वाटलं, हे सांगलीतच होऊ शकतं. मग वाचनात आलं की ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये नेमकं हेच झालं होतं. वॉल स्ट्रीटच्या बड्या बड्या संस्थांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या होत्या, आणि त्यातल्या कितीतरी ट्रेड सेंटरशेजारच्या एकाच टेलिफोन इमारतीतून जात होत्या. त्या इमारतीला तडाखा बसला आणि पर्यायासकट सगळं गेलं. पर्याय कागदावर दोन असून चालत नाहीत, जमिनीतही दोन असावे लागतात. तेव्हापासून कुणी मला ‘रिडंडन्सी आहे’ म्हटलं की मी विचारतो, चर कुठनं गेलाय?

छोट्या बँकांची अडचण इथं सुरू होते. मोठ्या व्यापारी बँकांना नियम आहे, पैसा आहे, माणसं आहेत. नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची सर्वंकष चौकट डिसेंबर २०१९ मध्ये मिळाली, तीही पायऱ्यापायऱ्यांची, ज्याचा डिजिटल व्याप जास्त त्याला नियम जास्त. तत्त्व ठीक आहे. पण व्यवहारात छोटी बँक आपली सगळी यंत्रणा भाड्यानं घेते, आणि दहा बँकांचं भाड्याचं घर एकच निघतं. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या तंत्रज्ञान पुरवठादारावर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला, आणि खबरदारी म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेनं त्याची जोडणी तोडली. देशभरातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांचं यूपीआय आणि एटीएम एका झटक्यात थांबलं. १ ऑगस्टला ते सुरळीत झालं. कुठल्याच बँकेच्या दारात पाणी नव्हतं. चूक त्यांची नव्हती, पण काउंटरवर उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावरच आली. पुरवठादार बंद पडला तर एक दिवस तुम्ही हातानं किती व्यवहार करू शकता? काल रात्रीच्या शिल्लकांची यादी शाखेत छापील किंवा पेनड्राइव्हवर आहे का? आमच्या पिढीला रोजकीर्द लिहिता येत होती. आजच्या काउंटरवरच्या पोराला दोष देत नाही, त्याला कुणी शिकवलीच नाही.

एकेकट्या बँकेला हे सगळं झेपणार नाही, हा आक्षेप खरा आहे. तीन शाखांच्या बँकेनं फिरतं एटीएम, उपग्रह लाइन आणि वेगळी जागा कुठून आणायची? पण सहकाराचा अर्थच तो आहे ना? सांगली-मिरजेतल्या दहा नागरी बँकांनी मिळून विश्रामबागेच्या पुढं, जिथं पाणी येत नाही तिथं, एक सामायिक हॉल भाड्यानं घ्यावा. वर्षाचे अकरा महिने तिथं प्रशिक्षण चालेल. पुरात प्रत्येक बँकेला दोन टेबलं. एक जनरेटर, पत्र्यावर एक उपग्रह अँटेना, एक तिजोरी, दहा कुलपांची. नागरी बँकांसाठी मार्च २०२४ मध्ये शिखर संस्था सुरू झाली आहे. तिनं सगळ्यांना एकसारखं अॅप देण्याच्या आधी हे केलं तर जास्त उपयोग होईल, असं माझं मत आहे. एकसारखं अॅप म्हणजे पुन्हा एकच चर. पतसंस्थांचा तर विषयच वेगळा, त्यांना ना रिझर्व्ह बँक ना ठेवींचा विमा. पण पूर पतसंस्था बघून वळसा घालत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. योजना जाहीर केली तर चोराच्या हातात पडेल. रोकड कुठल्या गाडीनं जाते हे जाहीर करा असं कोण म्हणतंय? शाखेत पाणी आलं तर आम्ही कुठं बसणार, पेन्शन कुठं मिळणार, लॉकर किती उंचीवर आहेत, एवढं दारावर लावायला काय हरकत आहे? चोराला यातलं काहीच उपयोगी नाही. ठेवीदाराला सगळंच आहे.

सहकारी बँकेत विचारायची जागा आपल्याकडं असते. वार्षिक सर्वसाधारण सभा. ती नेमकी पावसाळ्यात भरते, बाहेर नदी फुगलेली असते आणि आत लाभांशावर भांडण चाललेलं असतं. दोन वर्षांपूर्वी मी साधा सभासद म्हणून उठून विचारलं, पुलाला ४५ फूट झाले तर आपली नदीकाठची शाखा कुठं बसणार? अध्यक्ष म्हणाले, चांगली सूचना आहे, नोंद घेतो. टाळ्या पडल्या. नंतर चहा आणि पेढ्याचा बॉक्स. पुढच्या वर्षी इतिवृत्त हातात आलं तेव्हा त्यात एक ओळ होती, ‘पूरस्थितीबाबत सभासदांनी मनोगत व्यक्त केले.’ प्रश्न विचारला होता, त्याचं मनोगत झालं.

यंदा परत विचारणार आहे. शिपाई मामाही निवृत्त झालेत, पण सभासद आहेत. पंचवीस रुपयांचे चार शेअर त्यांच्या नावावर आहेत. त्यांना बरोबर नेणार आहे. माईक हातात दिला की किती फुटाला बोळ, किती फुटाला पायरी, ते सांगतील. इतिवृत्त लिहिणाऱ्यानं फक्त आकडे उतरवून घ्यायचे आहेत.